विश्लेषण : स्थानक ते कार्यालय घडीच्या सायकलने? निवडताना काय पाहावे, काय टाळावे?

पुण्यात मेट्रोने रामवाडीला उतरणाऱ्या प्रवाशाला खराडीतील आयटी पार्क गाठण्यासाठी आणखी चार-पाच किलोमीटर कापावे लागतात. मुंबईत कुर्ल्याला लोकलमधून उतरून वांद्रे-कुर्ला संकुलात जाणाऱ्याला रिक्षाच्या रांगेत आपला नंबर कधी लागेल, याचा अंदाज घेत उभे राहावे लागते. गाडीतला प्रवास वीस मिनिटांचा आणि त्याच्या दोन टोकांना तेवढाच वेळ रस्त्यावर, हे गणित आता अनेकांच्या अंगवळणी पडले आहे. पुण्यात २०१७-१८ मध्ये भाड्याच्या सायकली रस्तोरस्ती दिसू लागल्या होत्या. त्या टिकल्या नाहीत. त्यामुळे स्वतःची सायकल गाडीत सोबत नेता आली तर, हा विचार पुन्हा होऊ लागला आहे आणि त्यासाठी घडीच्या, म्हणजे फोल्डिंग सायकलींची चौकशीही होते आहे. मात्र ही सायकल साध्या सायकलीसारखी पाहून घेतली की बहुतेकदा फसगत होते. कारण ती चालवताना कशी वाटते, यापेक्षा न चालवताना तिचे काय करायचे, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

पैशांचा हिशेब बसतो का?

पुण्यात रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरचे भाडे २५ रुपये आणि पुढील प्रत्येक किलोमीटरला १७ रुपये आहे. पाच किलोमीटरसाठी मीटर साधारण ८५ रुपये दाखवेल. (रिक्षा मीटरप्रमाणे मिळाली, असे गृहीत धरून. पुण्यात हे गृहीतक थोडे धाडसाचेच.) जाऊन-येऊन १७० रुपये, महिन्याचे २२ दिवस म्हणजे ३,७४० रुपये. वीस हजारांची सायकल या हिशेबाने साडेपाच महिन्यांत वसूल होते.

पण बहुतेक लोक रोज एकट्याने रिक्षा करत नाहीत. ‘शेअर’ रिक्षात माणशी २० रुपये पडत असतील, तर महिन्याचा खर्च ८८० रुपयेच आहे आणि तीच सायकल वसूल व्हायला जवळपास दोन वर्षे लागतील. म्हणजे तुमच्या मार्गावर शेअर रिक्षा सहज मिळत असेल, तर केवळ पैसे वाचवण्यासाठी घडीची सायकल घेऊ नये. वाचणारा वेळ, रांगेतून सुटका आणि थोडा व्यायाम यांचे मोल ज्याचे त्याने ठरवावे. पाच किलोमीटर चालायला तास लागतो, सायकलने वीस ते पंचवीस मिनिटे. सायकलींवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला आहे. त्याआधीची जुनी किंमत कोणी सांगत असेल, तर बिल मागून कराचा रकाना पाहावा.

अंतर एक-दीड किलोमीटर असेल तर चालणे सोपे. आठ-दहा किलोमीटरच्या पुढे, म्हणजे ठाणे स्थानकातून घोडबंदर रस्त्याच्या टोकाला वगैरे, छोट्या चाकांची सायकल रोज चालवणे दमवणारे आहे. तिचा खरा पल्ला दोन ते सात किलोमीटरचा.

मेट्रो आणि लोकलमध्ये नेता येते का?

पुणे आणि नागपूर मेट्रोत, तसेच मुंबईच्या ‘२ ए’ आणि ‘७’ या मार्गिकांवर प्रवाशांना सायकल सोबत नेण्याची मुभा आहे. मग घडीचीच सायकल कशाला, असा प्रश्न पडेल. उत्तर गर्दीत आहे. पूर्ण सायकल पावणेदोन मीटर लांब असते. ती उद्वाहनात तिरकी करून घालावी लागते, दारापाशी दोन माणसांची जागा अडवते आणि सकाळी साडेनऊला तिच्याकडे कोणीही प्रेमाने पाहत नाही. घडी केलेली सायकल मात्र मोठ्या बॅगेइतकी जागा घेते आणि दोन पायांच्या मध्ये धरून उभे राहता येते.

सामानाच्या नियमांकडे मात्र नीट पाहावे. बंगळूरुच्या ‘नम्म मेट्रो’ने २०२० मध्ये घडीच्या सायकलींना शेवटच्या डब्यातून परवानगी दिली, तेव्हा घडी केल्यावरचा आकार ६० × ४५ × २५ सेंटिमीटर आणि वजन १५ किलो ही कमाल मर्यादा ठेवली. आता गंमत पाहा. जगात सर्वांत लहान घडीसाठी नावाजलेल्या ब्रॉम्प्टन सायकलीची घडी साधारण ६४.५ × ५८.५ × २७ सेंटिमीटरची होते. म्हणजे तीही काटेकोरपणे या अटीत बसत नाही! वीस इंची चाकांच्या सायकलीची घडी तर साधारण ८० × ७० × ४० सेंटिमीटर असते. हा नियम बॅगांच्या मापावरून उचललेला दिसतो, सायकल समोर ठेवून केलेला नाही. प्रत्यक्षात स्थानकावरचा कर्मचारी काय म्हणतो, यावर बरेच ठरते. म्हणून सायकल विकत घेण्याआधी आपल्या रोजच्या स्थानकावर जाऊन, सायकलीचे घडीचे माप सांगून विचारणे हे सर्वांत स्वस्त काम आहे. सामान तपासणीच्या यंत्रात वीस इंची सायकलीची घडी सहसा मावत नाही. हाताने तपासणी होते. त्यासाठी रोजचे दोन-तीन मिनिट धरून चालावे.

मुंबईच्या लोकलची गोष्ट वेगळी. रेल्वेच्या नियमांत सायकल मोफत सामानात धरली जात नाही. शिवाय गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ प्रवासी उभे असतात, असे या सेवेचे वर्णन खुद्द रेल्वेच्या नियोजनात केले जाते. त्या डब्यात स्वतःची पाठपिशवी पोटाशी धरावी लागते, तिथे १३ किलोची धातूची घडी घेऊन चढणे स्वतःसाठी आणि इतरांसाठीही धोक्याचे. डोंबिवलीहून सकाळी ८.१५ ला निघणाऱ्याने घडीची सायकल घेऊन लोकलने जाण्याचा बेत सोडून द्यावा, असे स्पष्ट सांगितलेले बरे. त्याच्यासाठी व्यवहार्य मार्ग दुसरा आहे. सायकल एकाच टोकाला ठेवायची. कार्यालय सायकल आत ठेवू देत असेल तर ती तिथेच ठेवावी आणि संध्याकाळी स्थानकाजवळ ओळखीच्या दुकानात किंवा वाहनतळात लावावी. पण मग तिला घडी असण्याची गरज उरते का? फारशी नाही. सात-आठ हजारांची साधी सायकल हे काम तितकेच करते आणि चोरीला गेली तर दुःखही कमी होते.

लंडनमध्ये भुयारी रेल्वेत पूर्ण सायकलींना वेळेचे आणि मार्गांचे निर्बंध आहेत, पण घडी केलेली सायकल कोणत्याही वेळी नेता येते. जपानमध्ये सायकल पूर्णपणे पिशवीत बंद असेल, तरच गाडीत घेतात. ही पिशवीची कल्पना आपल्याकडेही उपयोगी आहे. चेनचे काळे तेल शेजाऱ्याच्या पांढऱ्या शर्टला लागले की नियमांपेक्षा मोठा वाद होतो. एक साधे कापडी आवरण पाच-सातशे रुपयांत शिवून मिळते.

घडीचे प्रकार किती?

घडीची सायकल नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसाठी बीएसए कंपनीने घडी होणारी सायकल बनवली होती. आज बाजारात जे दिसते, त्याचा उगम मात्र १९७० च्या दशकात आहे. अँड्र्यू रिची या केंब्रिजच्या अभियंत्याने लंडनमधील आपल्या राहत्या घरात सायकलीचा नमुना तयार केला. खिडकीतून ब्रॉम्प्टन ऑरेटरी हे चर्च दिसायचे, म्हणून सायकलीचे नाव ब्रॉम्प्टन. २०२२ मध्ये या कंपनीने दहा लाखावी सायकल बनवली. त्याच सुमारास तेलसंकटाने अस्वस्थ झालेले अमेरिकेतील लेसर-भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड हॉन यांनी वेगळी घडी शोधली आणि १९८२ मध्ये डॅहॉन कंपनी काढली. पुढे त्यांचे पुत्र आणि पत्नी वेगळे झाले आणि २०११ मध्ये त्यांनी टर्न ही कंपनी सुरू केली. घरातच वाटणी झाली आणि ग्राहकाला पर्याय मिळाला.

आपल्याकडे दुकानांत दिसणाऱ्या बहुतेक सायकली डॅहॉनच्या पद्धतीच्या असतात. मधली दांडी बिजागरीवर दुमडते, पुढचे चाक मागच्या चाकाला येऊन लागते आणि हँडल खाली पडते. दहा-पंधरा सेकंदांत काम होते. ब्रॉम्प्टनमध्ये मागचे चाक सायकलीच्या पोटाखाली जाते, मग पुढचा भाग वळतो. चेन दोन चाकांच्या मध्ये दडते, त्यामुळे कपडे खराब होत नाहीत आणि घडी स्वतः उभी राहते. किंमत मात्र भारतात दीड-दोन लाखांच्या घरात जाते. साध्या डॅहॉन पद्धतीच्या सायकली साधारण पंधरा ते पंचवीस हजारांत, बऱ्या दर्जाच्या चाळीस-पन्नास हजारांत मिळतात.

घडी करून पाहताना एक प्रश्न विक्रेत्याला जरूर विचारावा : घडी केल्यावर ही ढकलता येते का? काही सायकलींची घडी चाकांवर ढकलत नेता येते, काहींची घडी दर चार पावलांवर उलगडते. दोन चाकांना धरून ठेवणारे लोहचुंबक किंवा पट्टा नसेल, तर फलाटावरून चालताना एक हात कायम तिला आवळण्यातच जातो. माहितीपत्रकात ही गोष्ट कधी नसते.

चाक १६ इंची की २० इंची?

आपल्या रस्त्यांमुळे हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय ठरतो. यासाठी अभियांत्रिकीची पदवी नको, दहावीतला पायथागोरस पुरे. समजा रस्त्यात ३० सेंटिमीटर रुंदीचा खड्डा आहे. चाक त्याच्या दोन कडांवर टेकेपर्यंत खाली जाते. साध्या मोठ्या सायकलीचे चाक टायरसह साधारण ६८ सेंटिमीटर व्यासाचे असते. ते या खड्ड्यात साडेतीन सेंटिमीटर उतरते. वीस इंची चाक, व्यास ५० सेंटिमीटर, पाच सेंटिमीटर उतरते. आणि सोळा इंची, व्यास सुमारे ४२ सेंटिमीटर, सहा सेंटिमीटरपेक्षाही जास्त. म्हणजे एकाच खड्ड्यात छोटे चाक जवळजवळ दुप्पट खोल आपटते. वर चढतानाचा कोनही त्याच प्रमाणात उभा होतो. पावसाळ्यात खड्डा पाण्याखाली असेल, तर चालक हँडलवरून पुढे फेकला जाण्याची शक्यता छोट्या चाकात खरोखरच अधिक असते.

लंडन किंवा सिंगापूरच्या गुळगुळीत रस्त्यांसाठी सोळा इंची चाक ठीक. नगर रस्ता, पवईचा जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता किंवा नागपुरातील खोदकाम सुरू असलेला कोणताही रस्ता यांसाठी वीस इंची चाक आणि किमान पावणेदोन इंच रुंद टायर घ्यावा. घडी थोडी मोठी होते, हा सौदा मान्य करावा.

दुसरे कारण पंक्चरचे. टायरच्या बाजूवर ‘४७-४०६’ असा आकडा कोरलेला असतो. पहिला टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ४०६ हे मुलांच्या आणि बीएमएक्स सायकलींचेही माप आहे, त्यामुळे त्याची ट्यूब तालुक्याच्या गावातही मिळते. पण ‘वीस इंची’ नावाखाली ४५१ मिलिमीटरचे दुसरे मापही येते. ते सडपातळ, वेगवान दिसणाऱ्या सायकलींना असते आणि त्याचा टायर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. सोळा इंचीतही ३०५ आणि ३४९ अशी दोन मापे आहेत; ब्रॉम्प्टनचे ३४९. दुकानात किमतीआधी हा आकडा वाचावा.

छोट्या चाकाला जास्त पेडल मारावे लागते?

हा सर्वांत जुना गैरसमज. एका पेडलच्या फेऱ्यात सायकल किती पुढे जाईल, हे चाकाचा घेर आणि पुढच्या-मागच्या दातेरी चाकांचे गुणोत्तर यांच्या गुणाकारावर ठरते. आपली उंच काळी सायकल घ्या. पुढे ४४, मागे १८ दाते असतील तर एका फेऱ्यात ती साधारण साडेपाच मीटर जाते. वीस इंची घडीच्या सायकलीला पुढे ५२ आणि मागे १४ दाते दिले, तर ती ५.८ मीटर जाते. म्हणजे काळ्या सायकलीपेक्षा जास्तच. मिनिटाला ६० फेरे मारले तर वेग ताशी २१ किलोमीटर.

गडबड स्वस्त सायकलींत होते. तिथे मुलांच्या सायकलीचे भाग बसवलेले असतात. पुढे ४४ आणि मागे १६ दाते असले, की तेवढ्याच फेऱ्यांत वेग साडेपंधरावर येतो आणि चालवणारा चाकाला दोष देतो. दुकानात पुढच्या दातेरी चाकाचे दाते मोजायला लाज वाटू देऊ नका. ५० च्या आसपास असतील तर शहरासाठी बरे. उड्डाणपूल किंवा चढ असलेला मार्ग असेल, तर मागे सहा-सात गिअर पुरेत. ‘२१ गिअर’ असे स्टिकर लावलेल्या घडीच्या सायकलीपासून दूर राहावे. पुढे तीन दातेरी चाके म्हणजे घडी करताना अडकणारी जास्तीची तार, जास्तीचे वजन आणि बिघडण्याची आणखी एक जागा.

किती वजन चालेल?

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. बाजारातल्या बऱ्याच घडीच्या सायकलींचे वजन याच्या आसपास आहे, स्वस्त पोलादी सायकलींचे १६-१७ किलो. सिलिंडरला निदान धरायला कडे असते. ही घडी एका हातात घेऊन, दुसऱ्या खांद्यावर लॅपटॉप सांभाळत पादचारी पूल चढायचा आहे. तोही रोज, आणि कधी जिने बंद पडलेल्या दिवशी दोनदा.

म्हणून वजनाची मर्यादा माहितीपत्रकावरून नव्हे, आपल्या मार्गावरच्या पायऱ्या मोजून ठरवावी. घरात उद्वाहन आहे, स्थानकात आहे आणि कार्यालयातही आहे, तर १५ किलोही चालून जाईल. तिसऱ्या मजल्यावर राहता आणि इमारतीला उद्वाहन नाही, तर १२ किलोच्या वर जाऊ नये. या दोन-तीन किलोंसाठी दहा-पंधरा हजार जास्त मोजावे लागतात, पण ज्यांची सायकल गॅलरीत धूळ खात पडते, त्यातल्या अनेकांना ती उचलण्याचाच कंटाळा आलेला असतो. दुकानातच घडी करून ती एका हाताने उचलावी आणि दुकानाबाहेर पन्नास पावले चालून यावे. दुकानदार हसला तर हसू द्यावे.

पुढचे-मागचे ‘सस्पेन्शन’ आणि धातूची भरीव मॅग चाके या दोन गोष्टी जाहिरातीत छान दिसतात. वजन वाढवण्यापलीकडे त्या स्वस्त सायकलीत फार काही करत नाहीत. खड्ड्याचा धक्का रुंद टायर अधिक चांगला झेलतो.

बिजागरी तुटली तर?

भीती रास्त आहे. साध्या सायकलीत नसलेले दोन सांधे इथे आहेत, एक मधल्या दांडीत आणि दुसरा हँडलच्या खांबाच्या तळाशी. यातला हँडलचा सांधा जास्त जपण्यासारखा. हँडल या सांध्याच्या बरेच वर असते. उभे राहून पेडल मारताना किंवा अचानक ब्रेक लावताना हाताने दिलेला जोर या उंचीमुळे तरफेसारखा वाढून सांध्यावर येतो. मधली दांडी सैल असेल तर सायकल डुगडुगते आणि कळते. हँडलचा खटका सुटला तर दिशा आणि तोल एकाच क्षणी जातात.

म्हणून दोन्ही सांध्यांना मुख्य खटक्याशिवाय दुसरी सुरक्षाकडी आहे का, हे पाहावे. खटका बंद करताना हाताला ठाम विरोध जाणवला पाहिजे. दोन बोटांनी सहज बंद होत असेल तर तो सैल आहे. मग पुढचा ब्रेक दाबून धरून सायकल मागे-पुढे हलवावी. हँडलच्या तळाशी किंवा मधल्या सांध्यात ‘टक’ असा आवाज किंवा हालचाल जाणवली, तर आधी खटका घट्ट करून घ्यावा. तरीही हालत असेल तर ती सायकल घेऊ नये. सायकलींच्या सुरक्षेसाठी असलेल्या आयएसओ ४२१० या आंतरराष्ट्रीय मानकात घडीच्या यंत्रणेचाही विचार केलेला आहे. सायकलीवर किंवा तिच्या पुस्तिकेत त्याचा उल्लेख असेल, तर तेवढी खात्री जास्त.

सीटच्या दांडीवर किमान खोलीची रेघ असते. घडीच्या सायकलीत ही दांडी रोज वर-खाली होते आणि उंच माणसाला ती रेघेच्या वर ओढण्याचा मोह होतो. तसे केल्यास दांडी नव्हे, तर खालची नळी फाटते. चालक आणि सामान मिळून कमाल भार बहुतेक सायकलींत १०० ते ११० किलो असतो. लॅपटॉप, डबा, पाण्याची बाटली यांचे सहज सात-आठ किलो होतात, ते यात धरावेत.

पावसाळ्यात काय?

मडगार्ड नसलेली सायकल आपल्याकडे वर्षातले चार महिने कार्यालयात घालून जायच्या कपड्यांची नाही. छोटे चाक चिखल नेमका पाठीवर मारते. अनेक सायकलींना मडगार्ड वेगळे घ्यावे लागतात. घडी होताना ते आड येत नाहीत ना, हे बसवून घेतानाच पाहावे. मागच्या चाकाला लटकणारा गिअर बदलणारा भाग जमिनीपासून जेमतेम काही सेंटिमीटरवर असतो, तिथे चिखल आणि वाळू सतत लागते. मागच्या तुंब्याच्या आत बंद असलेले तीन गिअर पावसात जास्त भरवशाचे. पण ते उघडून दुरुस्त करणारा मेकॅनिक शोधावा लागतो. मार्ग सपाट असेल तर बिनगिअरची सायकल घ्यावी. बिघडायला काही नाही आणि किलोभर हलकीही.

रिमवर लागणारे ब्रेक पावसात पहिल्या एक-दोन फेऱ्यांत पकडत नाहीत. डिस्क ब्रेक त्या मानाने बरे, पण घडी करताना त्यांची पातळ चकती आपटून वाकते आणि मग सतत घासत राहते. तारेचे साधे डिस्क ब्रेक असतील तर कोपऱ्यावरचा मेकॅनिकही ते नीट करू शकतो.

साडी किंवा ओढणी नेसून-घेऊन सायकल चालवणाऱ्यांसाठी घडीच्या सायकलीचा एक मोठा फायदा कोणी फारसा सांगत नाही. मधली दांडी खाली असल्याने पाय टाकून बसता-उतरता येते. चेनवर पूर्ण आवरण मात्र हवेच. आणि सीट व हँडल वर-खाली होत असल्याने एकच सायकल घरातल्या तिघांना चालते.

विजेवर चालणारी घ्यावी का?

नियमांपुरते बोलायचे तर मोटारीची ३० मिनिटांची क्षमता २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोपर्यंत असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ती ‘मोटार वाहन’ ठरत नाही. परवाना आणि नोंदणी लागत नाही. यापेक्षा ताकदवान सायकल ‘काही होत नाही’ म्हणून कोणी विकत असेल, तर अपघातानंतर विम्याच्या वेळी तेच वाक्य उपयोगी पडणार नाही.

अडचण वजनाची आहे. जाड टायरच्या घडीच्या ई-सायकली २५ किलोच्या आसपास जातात. त्यांची घडी मोटारीच्या डिकीत किंवा घरातल्या कोपऱ्यात ठेवायला ठीक. जिन्यावरून मेट्रोत न्यायला नाही. लंडनच्या वाहतूक प्राधिकरणाने बॅटरीला आग लागण्याच्या घटनेनंतर ३१ मार्च २०२५ पासून घडी न होणाऱ्या ई-सायकली गाड्यांत नेण्यास बंदी घातली, घडीच्या ई-सायकलींना मात्र मुभा ठेवली. आपल्या मेट्रोत ई-सायकल न्यायची असेल, तर साध्या सायकलीची परवानगी तिलाही लागू आहे, असे धरून चालू नये.

जुनी सायकल घ्यावी का?

टाळेबंदीच्या काळात हौसेने घेतलेल्या अनेक घडीच्या सायकली आज अर्ध्या किमतीत विकायला आहेत. त्यातून चांगली सायकल मिळू शकते, पण ॲल्युमिनियमची असेल तर डोळ्यांत तेल घालून पाहावी. पोलादाला एका मर्यादेखालचा ताण लाखो वेळा दिला तरी ते तडकत नाही. ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नसते. लहान ताणही साठत जातो आणि एक दिवस चीर पडते. ही चीर बहुधा बिजागरीजवळच्या जोडावर किंवा हँडलच्या खांबाच्या तळाशी येते. ओल्या फडक्याने तेवढा भाग पुसावा, मोबाइलचा दिवा तिरका धरावा आणि रंगात केसासारखी रेघ दिसते का, ते पाहावे. रंगाचा ओरखडा नखाला लागत नाही, चीर लागते. बिजागरीच्या भागावर नवा रंग किंवा स्टिकर लावलेला असेल, तर किंमत कितीही कमी असली तरी सायकल तिथेच ठेवून यावे. बाकी टायर, ट्यूब, चेन, ब्रेकच्या तारा बदलायला दोन-अडीच हजार रुपये धरून सौदा करावा, आणि विकणाऱ्यालाच तुमच्यासमोर तीनदा घडी करून दाखवायला सांगावे.